सॅमनचा सीझन कोण ठरवतं, कसं ठरवतं, आणि आपण हौशी लोकांनी त्यात बोलायला का हवं

पिलरपॉइंट_पहाट

मंडळी, खूप दिवस मनात घोळत होतं ते आज लिहून काढतोय, जरा लांबेल पण वाचा.

२०२५ च्या ७ जूनला हाफ मून बेजवळच्या पिलर पॉइंट बंदरातून सॅमनला गेलो. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद होती, हौशींना पण आणि धंदेवाल्यांना पण, त्यामुळे २०२५ ला ७ आणि ८ जून उघडणार म्हटल्यावर आमच्याकडे सणच होता. पहाटे साडेचारला बंदरावर पार्किंगला जागा नाही, लहान पोरं जाकिटात गुंडाळलेली, आजोबा लोक थर्मास घेऊन रांगेत. मला साडेआठच्या सुमाराला एक चिनूक (सॅमनचीच एक जात) लागला, २७ इंची. दुसरा बोटीच्या कडेपर्यंत आला आणि सुटला.

परत आल्यावर धक्क्यावर राज्याच्या मत्स्य खात्याची एक मुलगी उभी होती, हातात मोजपट्टीची फळी. माझा मासा तिने उलटसुलट करून बघितला, पाठीवर शेपटीच्या जरा अलीकडे जो छोटासा मांसल पर असतो, ॲडिपोज म्हणतात तो, तो कापलेला होता, म्हणजे मासा हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिलं सोडायच्या केंद्रात, वाढलेला. मग तिने डोकं मागितलं. त्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार असते, त्यावर कोड, त्यावरून कळतं की हा कुठल्या हॅचरीतून कुठल्या वर्षी सोडला. डोकं कापून पिशवीत, आत नंबराची चिठ्ठी, आणि लगेच पुढच्या माणसाकडे. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले मी नाही देत डोकं, मला सूप करायचंय. तिने शांतपणे समजावलं, त्यांनी दिलं शेवटी. मला ते बघून आत कुठेतरी बरं वाटलं.

तर झालं असं की उन्हाळ्यासाठी सगळ्या राज्याला मिळून ७,००० माशांची मर्यादा होती आणि ती पहिल्याच शनिवार-रविवारात भरली. पुढच्या उन्हाळी तारखा रद्द. सप्टेंबरपासूनचा ७,५०० चा वेगळा वाटा ठेवला होता तेवढाच. आमच्या फिशिंगच्या ग्रुपवर नुसता संताप, दोन वर्षं थांबलो ते या दोन दिवसांसाठी का, सरकारला आमचं काही पडलेलं नाही वगैरे. आपले मराठी लोकही त्यात आहेत. राग मला समजतो, पण तो चुकीच्या जागी जातोय असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

थोडक्यात सिस्टीम सांगतो. किनाऱ्यापासून ३ मैल राज्याचं पाणी, तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राचं. १९७६ च्या कायद्याने अमेरिकेत आठ प्रादेशिक कौन्सिलं झाली, आपल्या किनाऱ्याची पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल, तिच्यात मत देणारे १४ जण. फेब्रुवारीत शास्त्रज्ञ लोक अंदाज काढतात की यंदा समुद्रात मासा किती आहे, मार्चात कौन्सिल तीन पर्याय मांडते, मार्चअखेर किनाऱ्यावरच्या गावांत जाहीर सुनावण्या होतात, एप्रिलमध्ये एक पर्याय पक्का होतो आणि मग केंद्राचं खातं त्यावर शिक्का मारतं. लेखी म्हणणं कोणालाही देता येतं, अगदी कोणालाही. आमच्या ग्रुपमध्ये दीडशे माणसं आहेत, मी विचारलं आजवर कोणी दिलंय का, तर दोघं निघाली.

दोघं!

मला तुमच्याकडून हवंय ते हे की येत्या मार्चच्या आधी आपण नीट अभ्यास करून काहीतरी लिहून द्यावं. पण काय लिहावं यावर माझंच अजून पक्कं होत नाहीये.

निळा_गळ

लेख आवडला पण मला एक कळत नाही. सॅक्रामेंटो नदीच्या फॉल रन, म्हणजे शरदात नदीत परतणाऱ्या, चिनूकचं किमान टार्गेट १,२२,००० प्रौढ मासे नदीत परत पोचावेत असं आहे ना? २०२३ चा अंदाज १,६९,८०० च्या आसपास होता. साधी वजाबाकी केली तरी ४७ हजार मासे वर उरतात. मग त्या वर्षी आम्हाला एकही मासा का नाही? हे म्हणजे घरात धान्य असताना उपाशी ठेवल्यासारखं झालं. माझ्याकडे स्वतःची १९ फुटी बोट आहे, दोन वर्षं इन्शुरन्स भरतोय, बंदराचं भाडं भरतोय, मुलगा १४ चा आहे, त्याला शिकवायची हीच वर्षं होती ती गेली. रागाने लिहित नाहीये, खरंच उत्तर हवंय.

आकडेमोड

@निळा_गळ, मुलाचं वाचून वाईट वाटलं. उत्तर देतो.

धान्य घरात होतं की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं. २०२२ चं उदाहरण घ्या, त्या वर्षी अंदाज होता जवळपास ३,९६,५०० माशांचा. त्यावर भरवसा ठेवून सीझन दिला, हिशोब असा की सगळ्यांनी पकडून झाल्यावरही १,९८,००० च्या वर मासे नदीत परततील. परतले किती? ६२ हजारांच्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सासुद्धा नाही, आणि किमान टार्गेटच्या जेमतेम निम्मे. एवढा मार बसल्यावर २०२३ ला तुम्ही त्या मंडळात बसला असता तर वजाबाकीवर सही केली असती का? मी नसती केली.

आणि त्यापुढचं बघा. २०२४ चा अंदाज २,१३,६००, कॅलिफोर्नियाचा समुद्र पूर्ण बंद, तरी नदीत पोचले साधारण ९९ हजार. २०२५ चा अंदाज १,६५,७०० च्या आसपास. त्यातून ७,००० अधिक ७,५०० दिले. मला हे आकडे कंजूष वाटत नाहीत, हे दोनदा पोळलेल्या माणसाने टाकलेलं पाऊल आहे.

अंदाज का चुकतो, तर तो मुख्यतः गेल्या वर्षी नदीत आलेल्या दोन वर्षांच्या लहान नरांच्या संख्येवरून काढतात, त्यांना जॅक म्हणतात. जॅक जास्त दिसले की पुढच्या वर्षी तीन वर्षांचे मोठे जास्त येणार असं गणित. माशांचं वयात यायचं वेळापत्रक सरकलं की गणित गडगडलं.

अजून एक, समुद्रात सगळे चिनूक एकत्र फिरतात. तुमच्या गळाला लागला तो फॉल रन आहे, विंटर रन (हिवाळ्यात नदीत शिरणारा) आहे की उत्तरेच्या क्लॅमथ नदीचा आहे हे बघून सांगता येत नाही. विंटर रन १९९४ पासून नामशेष होण्याच्या धोक्यातली जात म्हणून कायद्याने संरक्षित. त्यामुळे नियम ठरतात ते सगळ्यात अशक्त कळपाला किती झेपेल यावर. भरपूर असलेला मासा दिसत असूनही हात बांधलेले असतात ते त्यामुळे.

मत्स्याहारी_पुणेकर

छान माहिती मिळतेय. बाहेरचा माणूस म्हणून दोन प्रश्न. एक, पकडून परत सोडून द्यायचा असा नियम केला तर? हौसही भागेल आणि मासाही वाचेल. दोन, आपल्याकडे रावसला इंडियन सॅमन म्हणतात तो याचाच भाऊ का?

निळा_गळ

दुसऱ्याचं मी सांगतो. रावस आणि सॅमनचं काही नातं नाही, नुसतं नाव आहे. रावस खाडीच्या तोंडाशी उथळ उबदार पाण्यातला, सॅमन थंड पाण्यातला. चव दोन्हीची उत्तम पण कालवण रावसाचंच करावं, सॅमन तेलकट असतो, तो तव्यावर कातडीच्या बाजूने टाका.

आकडेमोड

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. कौन्सिलच्या हिशोबात ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत पकडलेला आणि सोडलेला मासा, साधारण १४ टक्के मरतो असं धरतात. मूचिंग म्हणून प्रकार आहे, बोट वाहत सोडायची आणि मेलेला अँचोव्ही खोल सोडून वाट बघायची, त्यात मासा आमिष गिळतो आणि गळ आतड्यात जातो. कॅलिफोर्नियात अभ्यास झाला तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, लावूनसुद्धा सोडलेल्यांपैकी ४२ टक्के मरतात असं निघालं. म्हणजे सोडून दिला असं आपल्याला वाटतं, पण शंभरातले चाळीस तळाला जातात.

म्हणून तर उलटा काटा नसलेले गळ सक्तीचे आहेत, मूचिंगला सर्कल हुक सक्तीचे आहेत, ते पण दोनच आणि दोघांत ५ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. हे नियम वाचताना किचकट वाटतात पण प्रत्येकामागे मेलेल्या माशांचा हिशोब आहे.

पाऊसवेडी_सिएटल

इकडचं लिहिते. वॉशिंग्टनमध्ये नाह बे, ला पुश, वेस्टपोर्ट, इल्वाको असे चार भाग आहेत समुद्रात, प्रत्येकाला कोहोचा (ही सॅमनची दुसरी जात) वेगळा कोटा, भरला की तो भाग बंद. मी वेस्टपोर्टला जाते दर ऑगस्टला. आमच्याकडे कोहो फक्त हॅचरीचा ठेवता येतो, म्हणजे पर कापलेला, आणि ज्याचा पर शाबूत तो जंगली, तो सोडायचा आणि सोडायचा असेल तर बोटीवर घ्यायचाच नाही, पाण्यातच गळ काढायचा. पहिल्या वर्षी मला हे जमेना, मासा उसळतो, हात थंडीने बधिर, कॅप्टन ओरडतो उचलू नको उचलू नको. आता लांब दांड्याचं हुक काढायचं साधन असतं ते वापरते, तीन सेकंदात सुटतो.

ओळखायचं कसं हे नवीन लोकांसाठी सांगते, तोंड उघडून दाताच्या मुळाशी हिरडी बघा, काळी असेल तर चिनूक, पांढरी असेल तर कोहो. कॅलिफोर्नियात कोहो अजिबात ठेवायचा नाही, त्यामुळे तिकडच्यांनी तर हे पाठच करा.

आणि एक गोष्ट जी आपले लोक बोलताना विसरतात. इथले पहिले मच्छीमार म्हणजे इथले मूळ रहिवासी. १९७४ साली जज बोल्ट यांच्या कोर्टाने सांगितलं की करारांनुसार धरण्यासारख्या माशांपैकी निम्मा वाटा ट्राइब्जचा, म्हणजे या मूळ रहिवाशांच्या जमातींचा, आहे. तेव्हापासून इथे राज्य आणि ट्राइब्ज बरोबरीने बसून नियम ठरवतात, त्या बैठकांना नॉर्थ ऑफ फाल्कन म्हणतात, ओरेगॉनमधल्या केप फाल्कन या भूशिरावरून. मी दोनदा गेलेय. एका ट्राइबचे एक वयस्कर गृहस्थ बोलायला उठले की हॉल एकदम शांत व्हायचा. त्यांचं म्हणणं एवढंच असायचं की आमच्या नदीत यंदा किती आले ते आधी ऐका.

शिवाय आमच्याकडे ओर्का, म्हणजे किलर व्हेल, आहेत, त्यांचं खाणं चिनूकच. २०२१ पासून नियम आहे की केप फाल्कनच्या उत्तरेला चिनूक ठरवलेल्या आकड्याच्या खाली जाण्याचा अंदाज असेल तर मासेमारी आणखी आवळायची. म्हणजे ताटात आपला घास वाढण्याआधी त्यांचा वाढायचा. मला हे फार योग्य वाटतं.

रेडिंगकर

मी सॅक्रामेंटोच्या काठावर राहतो, नऊ वर्षं झाली. समुद्रावरच्या लोकांना एक विनंती आहे, नदीकडे पण बघा.

नदीवरचं शास्ता धरण १९४५ ला पूर्ण झालं. त्याच्या वरच्या थंड झऱ्यांच्या नद्यांत विंटर रन अंडी घालायचा, तो रस्ता कायमचा बंद झाला. आता तो बिचारा धरणाच्या खाली, दरीतल्या रणरणत्या उन्हाळ्यात अंडी घालतो आणि जगणं सगळं अवलंबून धरणातून थंड पाणी किती सोडतात त्यावर. पाणी १३ डिग्रीच्या वर गेलं की अंडी मरायला लागतात. २०२० ते २०२२ दुष्काळ होता, २०२१ ला तर विंटर रनची जवळपास सगळी पिलं गेली. सॅमन तीन वर्षांनी परत येतो, तेव्हा २०२३-२४ ला समुद्रात बंदी का आली याचं उत्तर त्या दुष्काळातल्या गरम पाण्यात आहे.

वर आणखी व्हिटॅमिनची भानगड. २०२० च्या सुमाराला हॅचऱ्यांत पिलं गोल गोल फिरून मरायला लागली. शोधलं तर आयांमध्ये थायमिन, म्हणजे बी-१, कमी. समुद्रात त्या वर्षांत अँचोव्हीच अँचोव्ही होते, हा आपल्या मांदेलीच्याच कुळातला मासा, त्यात थायमिन मोडणारं द्रव्य असतं. सॅमन तेच एक खाऊन येत होते. मग माद्यांना इंजेक्शनं देणं, पिलांना थायमिनच्या पाण्यात बुडवून काढणं सुरू झालं. मी एका हॅचरीत स्वयंसेवक म्हणून हे काम केलंय, एका बादलीत पिलं वेड्यासारखी गिरक्या घेत होती आणि त्या पाण्यात टाकल्यावर काही तासांत सरळ पोहायला लागली. डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

म्हणून राग चुकीच्या जागी जातोय या @पिलरपॉइंट_पहाट यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, मासा बऱ्याच अंशी नदीत मरतो आणि नियम समुद्रात लागतो, कारण गळवाल्याला थांबवणं सोपं आणि पाणी वळवणाऱ्याला थांबवणं अवघड. पण याचा अर्थ समुद्रातले नियम चुकीचे असा होत नाही. आजारी माणसाला आधी विश्रांतीच द्यावी लागते.

चांगली बातमी पण आहे, क्लॅमथवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक त्या जागेच्या वर, ओरेगॉनपर्यंत पोचले. शंभर वर्षांहून जास्त काळानंतर. फोटो बघून मी रडलो होतो.

वेसावची_लेक

सगळं वाचलं. मला एक विचारायचंय, जरा स्पष्ट विचारते, राग मानू नका.

आमचं घर वेसाव्याचं, आबांची होडी होती, आता भावाची यांत्रिकी बोट आहे. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी वर ओढलेल्या, जाळी विणायची, उधारीवर घर चालवायचं आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर खरा सीझन सुरू. २०२३ ला राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. भावाला ते पटलं पण त्याला मिळालेला मासा लहान असला तर डिझेलचे पैसे कोण देणार हा प्रश्न राहिलाच. तर सांगायचं हे की बंदी काय असते ते आम्हाला माहिती आहे.

आता तुमच्याकडे २०२५ ला धंदेवाल्या सॅमनवाल्यांना सलग तिसऱ्या वर्षी पूर्ण बंद आणि हौशी लोकांना ७,००० मासे. ज्याचं पोट त्यावर आहे तो धक्क्यावर उभा राहून बघतोय आणि ज्याच्या फ्रीजमध्ये आधीच जेवण आहे तो मासा घेऊन चाललाय. हे मला नाही पचत.

पिलरपॉइंट_पहाट

ताई, राग कसला, हा प्रश्न मला स्वतःला ७ जूनला पडला होता. आमच्या शेजारच्या धक्क्यावर धंदेवाल्यांच्या ट्रोलर बोटी बांधलेल्या होत्या, दोऱ्यांना शेवाळ आलेलं. त्यातला एक जण बोटीवर बसून रंग खरवडत होता आणि आम्ही शंभर माणसं त्याच्यासमोरून मासे घेऊन गेलो. त्याने मान वर केली नाही. मला फार अवघड झालं.

तर्क असा देतात की ७,००० मासे शेकडो धंद्याच्या बोटींत वाटले तर बोटीला मोजकेच येतात, त्यात बर्फाचा खर्चसुद्धा निघत नाही. तेच हौशींना दिले तर हौशींना घेऊन जाणाऱ्या पार्टी बोटींची तिकिटं जातात, आमिषाची दुकानं, बंदरातली हॉटेलं, डिझेल पंप, सगळ्यांना दोन दिवस धंदा. माझ्या बोटीचा कॅप्टन पण पोटासाठीच करतो, दोन वर्षं त्याने व्हेल बघायला पर्यटक नेऊन दिवस काढले.

वेसावची_लेक

कॅप्टनचं पटलं. तो पण आमच्यासारखाच. तुमचं नाही पटलं 🙂 म्हणजे तुम्ही चांगले आहात, पण मासा कमी असेल तेव्हा हौशीला थोडा दिला हे ठीक, मासा वाढायला लागेल तेव्हा पहिला वाटा त्या रंग खरवडणाऱ्याला मिळाला पाहिजे. हे तुमच्या पत्रात लिहाल का? हौशी माणसाने स्वतःहून लिहिलं तर त्याला वजन येतं. आमच्याकडे मोठ्या पर्सीनवाल्यांनी एकदा तरी असं लिहिलं असतं ना, तर अर्धी भांडणं मिटली असती.

निळा_गळ

मला हे जड जातंय पण ताईंचं बरोबर आहे. बोटीचं भाडं मी पगारातून भरतो, त्याचा पगारच बंद आहे.

माझी एक सूचना पत्रासाठी. शनिवार-रविवार दोन दिवस सगळ्यांना एकदम सोडलं की झुंबड उडते, हवा वाईट असली तरी लहान बोटीवाले बाहेर पडतात कारण नंतर मिळणार नाही. ८ तारखेला मी स्वतः नको त्या लाटांत गेलो, मुलगा बरोबर होता, आता विचार करून अंगावर काटा येतो. त्यापेक्षा दिवसाला दोनऐवजी एकच मासा आणि दिवस जास्त, असं करता येईल का?

आकडेमोड

करता येईल आणि मागणी रास्त आहे. एक माशाची मर्यादा ठेवली म्हणजे मासे निम्मेच जातात असं नाही, कारण बऱ्याच जणांना तसाही एकच लागतो, पण दिवस थोडे वाढतील. फक्त एक कलम जोडा की एक मासा ठेवल्यावर गळ वर काढायचा, सोडून सोडून मोठा शोधत बसायचं नाही. नाहीतर ते १४ आणि ४२ टक्के परत आलेच.

पाऊसवेडी_सिएटल

आणि धक्क्यावर मोजणारी माणसं कमी करू नका हे पण लिहा प्लीज. त्या मुलीने डोकं घेतलं नसतं तर वरचे कोणतेच आकडे नसते. २० इंचांहून लहान मासा ठेवायचा नाही या नियमापेक्षा मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

पिलरपॉइंट_पहाट

चार दिवस बसून मसुदा केलाय, इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगतो.

एक, अंदाजावर भरवसा कमी असेल तोवर कडक मर्यादा आम्हाला मान्य आहे आणि मध्येच सीझन बंद केला तर आम्ही तक्रार करणार नाही. दोन, दिवसाला एक मासा, ठेवला की गळ वर, आणि त्या बदल्यात आठवड्यातले सलग जास्त दिवस, म्हणजे वाईट हवेत कोणी जीव धोक्यात घालणार नाही. तीन, धक्क्यावरची मोजणी आणि डोकी गोळा करणं यात कपात नको. चार, मासा वाढल्यावर पहिला वाढीव वाटा ट्रोलर बोटींना. पाच, सॅक्रामेंटोच्या पाण्याच्या तापमानाबद्दल कौन्सिलने धरणवाल्या खात्यांना दरवर्षी लेखी विचारावं आणि उत्तर जाहीर करावं.

सध्या ११ जणांनी नाव द्यायचं कबूल केलंय. @रेडिंगकर पाचवा मुद्दा तुम्ही तपासून द्या, त्यात माझा हात चालत नाही. सुनावणीला प्रत्यक्ष कोण येणार तेही कळवा, माझ्या गाडीत चार जागा आहेत.

रेडिंगकर

तपासतो, रविवारपर्यंत देतो. गाडीत एक जागा माझी धरा, मी आदल्या रात्री येऊन राहीन.

वेसावची_लेक

चौथ्या मुद्द्यात "मासा वाढल्यावर" असं मोघम नको, आकडा घाला. मोघम लिहिलेलं सगळ्यांना सोयीचं असतं. अंदाज अमुक एवढ्याच्या वर गेला की, असं. आकडा किती तो @आकडेमोड दादांना विचारा.

आकडेमोड

बसतो आज रात्री.